बटण कोणी दाबले?

एप्रिल 2025 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा मुळात 2020 साली प्लेस्टेशनवर आलेला गेम पीसीवर आला आणि त्याच महिन्यात त्याच्या कथेवर बेतलेला एचबीओच्या मालिकेचा दुसरा हंगामही सुरू झाला. त्याबरोबर पाच वर्षांपूर्वीचे भांडण जुन्याच शब्दांत आणि जुन्याच आवेशात पुन्हा उभे राहिले. एक पक्ष म्हणतो की, लाडक्या नायकाला सुरुवातीलाच ठार मारून आणि त्याच्या मारेकरणीला नायिकेच्या पाटावर बसवून लेखकांनी चाहत्यांचा विश्वासघात केला. दुसरा पक्ष म्हणतो की, हा गेम म्हणजे मुकुटमणी आहे आणि ज्यांना तो आवडला नाही त्यांना एकतर कथा कळत नाही, नाहीतर दंड कमावलेली बाई बघवत नाही. एखाद्या कादंबरीविषयी किंवा चित्रपटाविषयी बोलावे तसे दोघेही बोलतात: अमुक पात्र मरायला हवे होते का, तमुक पात्र पटते का. खेळणाऱ्याच्या हातात पंचवीसेक तास बटणांचा कंट्रोलर होता, ही एवढी मोठी गोष्ट दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा गेम थोरही आहे आणि लबाडही, आणि त्याचा थोरपणा व लबाडी ही दोन्ही त्या कंट्रोलरमधूनच येतात. जिथे तो हाताला सवय लावून मन वळवतो, तिथे कादंबरीला आणि चित्रपटाला न जमणारे काही करून दाखवतो. जिथे तो आपल्याकडून सक्तीने बटण दाबून घेतो आणि मग आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, तिथे तो खोटा खेळतो.

ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे काहीही झाकून ठेवलेले नाही. 2013 च्या पहिल्या भागात एका बुरशीच्या साथीने जग मोडून पडलेले असते. जोएल नावाचा, स्वतःची मुलगी डोळ्यांदेखत गमावलेला तस्कर चौदा वर्षांच्या एलीला अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या भागापर्यंत घेऊन जातो, कारण तिला त्या रोगाची बाधा होत नाही आणि तिच्यापासून लस तयार होईल अशी आशा असते. सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात पोचल्यावर कळते की शस्त्रक्रियेत एली मरणार. जोएल तिथल्या माणसांना मारून, शेवटी शल्यविशारदालाही मारून, बेशुद्ध एलीला उचलून नेतो आणि नंतर तिच्याशी खोटे बोलतो. दुसरा भाग काही वर्षांनी सुरू होतो. ॲबी नावाची तरुणी जोएलचा माग काढत येते आणि गोल्फच्या काठीने त्याला एलीसमोर ठेचून मारते. एली सूड घ्यायला सिॲटलला जाते. तीन दिवसांचा तो पाठलाग अगदी टोकाला पोचला असता गेम अचानक मागे वळतो आणि तेच तीन दिवस आपल्याला ॲबी म्हणून खेळायला लावतो. ॲबी ही त्या मारल्या गेलेल्या शल्यविशारदाची मुलगी असते.

गोंगाटाचा भाग आधी उरकून टाकू. एप्रिल 2020 मध्ये, म्हणजे गेम बाजारात येण्याआधीच, कथेचे महत्त्वाचे प्रसंग फुटले आणि ते अर्धवट पाहून, त्यावर अफवांची फोडणी घालून लोकांनी मत बनवले. 19 जूनला गेम विक्रीला आला आणि काही तासांतच मेटाक्रिटिक या परीक्षणे आणि गुण गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर शून्य गुण देणाऱ्यांची हजारोंनी रांग लागली. पंचवीस तासांचा गेम काही तासांत संपवणारे हे महाभाग कोण होते, हे विचारण्यात अर्थ नाही. पुढच्याच महिन्यात त्या संकेतस्थळाने नव्या गेमवर वापरकर्त्यांना मत नोंदवण्यासाठी 36 तास थांबण्याचा नियम केला. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. या प्रकाराला मतभेद म्हणता येत नाही. पण त्याचा एक वाईट परिणाम असा झाला की त्यानंतर या गेमवर कोणीही नापसंती व्यक्त केली की त्याला त्याच टोळीत ढकलणे सोपे झाले, आणि ज्यांनी चाळीस लाख प्रती तीन दिवसांत खपवल्या त्यांना टीकेचे उत्तर देण्याची गरजच उरली नाही.

नापसंती असणाऱ्यांच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते मात्र थोडेथोडके नाही. ट्रेलरमध्ये एलीच्या मदतीला ऐनवेळी येणारा माणूस म्हणून जोएल दाखवला होता, प्रत्यक्ष गेममध्ये त्या जागी जेसी नावाचे दुसरेच पात्र येते. रहस्य राखण्यासाठी काही लपवणे वेगळे आणि जो त्या प्रसंगात नाहीच त्याला तिथे उभा करून पैसे घेणे वेगळे. ज्याने जोएलबरोबर आणखी एक प्रवास करायला मिळेल म्हणून आगाऊ नोंदणी केली, त्याचा राग मी बालिश मानत नाही. दुसरे असे की, ॲबीविषयी आपल्याला माया वाटावी म्हणून लेखकांनी वापरलेले उपाय कधीकधी अगदी बटबटीत आहेत. तिचे वडील कुंपणात अडकलेल्या झेब्र्याला सोडवतात. ज्या कुत्रीला एली म्हणून आपण भोसकलेले असते, तिच्याशी ॲबी म्हणून आपल्याला चेंडू फेकत खेळायचे असते. प्राण्यांवर प्रेम करणारा माणूस चांगला, हे समीकरण इतक्या हुशार लेखकांना शोभत नाही. तिसरे, गेम लांबला आहे. शेवट झाला असे वाटते आणि पुढे कॅलिफोर्नियातला आणखी एक अंक उघडतो.

तरीही विश्वासघाताचा आरोप मला मान्य नाही. 1893 साली कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले तेव्हाही वाचक खवळले होते, आणि दहा वर्षांनी, 1903 मध्ये, लेखकाला त्याला जिवंत करून परत आणावे लागले. तिथे वाचकांचा विजय झाला असे म्हणता येते, कारण होम्स मेला तो केवळ लेखक त्याला कंटाळला म्हणून. त्याच्या मरणाला कथेत कसलेही मूळ नव्हते. जोएलच्या मरणाचे मूळ सात वर्षे आपल्यासमोर होते. रुग्णालयातले ते सगळे मृतदेह कोणाचे तरी आप्त असणार, हे पहिल्या भागाने कुठे नाकारले होते? ट्रेलरची फसवणूक विक्रेत्याच्या खात्यावर मांडावी. कथेने मात्र आपले जुने कर्ज इमानदारीने वसूल केले आहे.

आता मुख्य मुद्दा. गेमचे स्तुतिपाठक म्हणतात की, हिंसेची किळस वाटावी हाच त्याचा हेतू आहे, आणि तुम्हाला अस्वस्थ वाटले याचा अर्थ तो सफल झाला. अस्वस्थता हे यशाचे प्रमाणपत्र मानले तर दाढदुखीलाही कला म्हणावे लागेल. अस्वस्थता कशातून आली, हे पाहायला नको का? सिॲटलच्या रुग्णालयाच्या तळघरात एली ॲबीची मैत्रीण नोरा हिला गाठते. लाल प्रकाश, हातात लोखंडी पाइप, कॅमेरा केवळ एलीच्या चेहऱ्यावर. ॲबी कुठे आहे ते सांग, नाहीतर वेदनेने मरशील, असे एली म्हणते. नोरा सांगत नाही आणि पडद्यावर चौकोनाचे बटण उमटते. 2020 च्या टाळेबंदीत, पुण्याच्या घरी रात्री खेळताना मी इथे कंट्रोलर टीपॉयवर ठेवून दिला. पडद्यावर काही घडेना. एली पाइप धरून उभी, चौकोन तसाच. शेजारी बसलेला धाकटा भाऊ जांभई देत म्हणाला, “दाब ना दादा, नाहीतर पुढे कसं जाणार?” मी दाबले. पुन्हा चौकोन आला. पुन्हा दाबले. तिसऱ्यांदाही.

भावाचे ते वाक्य या गेमवर लिहिल्या गेलेल्या अनेक समीक्षांपेक्षा मला मोलाचे वाटते. ‘पुढे कसं जाणार’ या कारणासाठी दाबलेल्या बटणाची टोचणी कोणाला आणि का लागावी? यावर ठरलेले उत्तर असे की, तुम्ही खेळ थांबवू शकला असता. 2012 च्या ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ या गेमपासून हा युक्तिवाद फिरतो आहे. पण पुस्तक मिटणे हा पुस्तकातल्या खुनाविषयी घेतलेला नैतिक निर्णय होत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवल्याने नोरा वाचत नाही, ती फक्त माझ्यापुरती तिथेच अडकून पडते, आणि चार हजारांच्या आसपास रुपये मोजून घेतलेली चकती कपाटात जाते. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे: कथेला निवड देण्याची सक्ती नाही, वाचकाला तरी कुठे असते? हे मला पूर्ण मान्य आहे. शेवट निवडायला देणारे गेम बरेचदा कथेची फाटाफूट करतात, आणि इथे एलीने नोराला सोडून देण्याचा पर्याय असता तर एलीच उरली नसती. म्हणून माझी तक्रार निवड नाही ही नाहीच. माझी तक्रार संमतीची आहे.

निवड आणि संमती यांत फरक असतो आणि तो समजायला पहिल्याच भागाकडे परत जावे लागते. 2013 मध्येही शल्यविशारदाला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नव्हता. तो हातात शस्त्रक्रियेची सुरी घेऊन वाटेत उभा राहतो, बाजूच्या दोघांना सोडता येते, त्याला सोडता येत नाही. म्हणजे तिथेही निवड शून्यच. पण मी तेव्हा क्षणभरही थबकलो नाही, उलट घाईने गोळी झाडली, कारण तोवर पंधरा तास एलीला शिडीवरून चढवत, पाण्यातून तराफ्यावर ढकलत नेले होते आणि जगाचे काय व्हायचे ते होवो, ही पोर वाचली पाहिजे, हे जोएलइतकेच मलाही वाटत होते. ती संमती होती. बटण सक्तीचे असले तरी दाबण्याची इच्छा माझी होती. म्हणूनच सात वर्षांनी त्या निनावी डॉक्टरला नाव मिळते, मुलगी मिळते, ती मुलगी बापाला शोधत त्याच खोलीच्या दाराशी येते, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो खरा असतो. तिथे गेमने माझ्याविरुद्ध सादर केलेला पुरावा माझ्याच हातचा होता. नोराच्या प्रसंगात तसे नाही. तोवर एलीचा सूड मला अनाठायी वाटू लागलेला होता, मी तिच्या बाजूने नव्हतो, आणि नेमके तिथेच गेम माझा अंगठा उसना घेतो आणि त्याला माझा गुन्हा म्हणतो. मारलेल्या शत्रूला त्याचे सोबती नावाने हाका मारतात, ही बहुचर्चित क्लृप्तीही याच कारणाने लवकर बोथट होते. पहिल्या दहा वेळा कानाला चरचरते, नंतर ती हाक म्हणजे उरलेला शत्रू कोणत्या दिशेला आहे याची खूण होऊन बसते.

मग थोरपणा कुठे आहे? तो ॲबीच्या तीन दिवसांत आहे, आणि तोही झेब्रा व कुत्र्यांच्या प्रसंगांत सापडत नाही. या भागाच्या आरंभी मला ॲबी मरायला हवी होती. शत्रूपुढे तिला मुद्दाम उभी करून एक-दोनदा मारूनही घेतले, हे कबूल करतो, आणि मी एकटाच असा नसेन. पण गेम पुढे सरकायचा तर तिला जिवंत ठेवावे लागते. तिच्या दंडाला पट्टी बांधावी लागते, टेबलाशी उभे राहून तिच्या बंदुकीचे भाग बदलावे लागतात, तिच्यासाठी कप्प्याकप्प्यांतून जुनी नाणी हुडकावी लागतात. एली लपतछपत चाकू चालवणारी, तर ॲबीचे हात जड, ठोसे भरीव, त्यामुळे बोटांना नवी लय शिकावी लागते. उंच इमारतींमधल्या पुलावरून जाताना खाली पाहिले की तिचा श्वास चढतो आणि पडदा गरगरतो. तिला उंचीची भीती आहे, हे कोणी सांगण्याआधी आपल्या तळहाताला कळते. दहा तास हे असे चालते आणि माणूस ज्याची उस्तवार करतो त्याच्यात गुंततो, हा आजारी नातलगाची नावडती जबाबदारी अंगावर पडलेल्या कोणालाही ठाऊक असलेला अनुभव नकळत येतो. मग नाट्यगृहातला प्रसंग येतो. समोर एली, अंधारात, हातात बंदूक घेऊन आपल्याला शोधत असलेली, आणि तिच्या मागून जाऊन तिला धरायचे आहे आपल्याला. इथेही निवड नाही. पण इथे माझे बोट बटणावर थांबले ते दोन इच्छा एकमेकींवर आदळल्या म्हणून, आणि त्या दोन्ही माझ्याच होत्या.

याचा उलटा पुरावा मालिकेने पुरवला. दुसऱ्या हंगामात ॲबी कोण, तिचे जोएलशी वैर कशाचे, हे अगदी आरंभीच सांगून टाकले आहे आणि जोएलचा मृत्यू दुसऱ्याच एपिसोडमध्ये येतो. गेममध्ये हे कारण आपल्याला दहा-बारा तास माहीत नसते. मालिकेच्या कर्त्यांना तसे करावे लागले याचे कारण उघड आहे: प्रेक्षकाच्या हाताला काही काम नसते, म्हणून त्याच्या डोक्याला कारण द्यावे लागते. जे गेम सवयीने साधतो ते मालिकेला स्पष्टीकरणाने साधावे लागले. ‘कथा चांगली की वाईट’ एवढ्यावरच वाद घालणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

बापाच्या मारेकऱ्याला ठेचून मारणारे पात्र आपल्याला नवे नाही. द्रोणांचे केस धरून शिर कापणाऱ्या धृष्टद्युम्नाला अश्वत्थामा रात्री झोपेत गाठतो. शस्त्राने तरी मार, ही त्याची विनवणी धुडकावतो आणि लाथांनी त्याचा जीव घेतो. त्याच रात्री द्रौपदीची पाचही मुले जातात. भागवतात पुढे अर्जुन त्याला बांधून द्रौपदीसमोर आणतो तेव्हा ती म्हणते, सोडा याला. मी जशी माझ्या मुलांसाठी रडते आहे, तशी याची आई रडायला नको. ती अश्वत्थाम्याला निर्दोष म्हणत नाही आणि स्वतःलाही दोष देत नाही. तिला फक्त कृपीची जागा दिसते. ॲबीच्या तीन दिवसांत गेम नेमके हेच करू पाहतो आणि करतोही. मग त्याला नोराच्या तळघरातल्या वकिलीची गरज का भासावी?

या गेमवरचा सर्वांत जड आक्षेप मात्र याहून वेगळा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. लेखक-दिग्दर्शक नील ड्रकमन यांचा जन्म इस्रायलमध्ये झाला. 2000 साली पॅलेस्टिनी प्रदेशातल्या रामल्लात जमावाने दोन इस्रायली सैनिकांना ठार केल्याची दृश्ये पाहून मनात उसळलेला सूड आणि नंतर वाटलेली त्याची शरम यांतून या कथेचे बीज मिळाले, असे त्यांनी सांगितले आहे. तेव्हापासून काही समीक्षक म्हणतात की, सिॲटलमधले दोन गटांचे युद्ध, एकीकडे सुसज्ज लष्करी संघटना आणि दुसरीकडे बेटावरचा धर्मवेडा पंथ, ‘दोघेही सारखेच’ या सोयीच्या सूत्रात बसवले आहे, आणि सूडचक्र या शब्दाने कोणाच्या हातात सत्ता होती, कोणाच्या हातात जमीन, हे प्रश्न पुसून टाकले आहेत. हे मला बरेचसे पटते. एली आणि ॲबी यांच्या वैराला इतिहास आहे, तारीख आहे, खोली क्रमांक सांगता येईल इतकी नेमकी जागा आहे. त्या दोन गटांच्या वैराला फक्त पार्श्वभूमीचा धूर आहे. दोन व्यक्तींच्या शोकाची बरोबरी करता येते म्हणून दोन समाजांच्या हिंसेची बरोबरी आपोआप सिद्ध होत नाही, आणि गेम ही उडी फार सहज मारतो. गेमच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, पंथातून पळालेला लेव्ह आणि त्याची बहीण यारा यांच्यामुळे ॲबी आपल्याच गटावर उलटते, म्हणजे आंधळी समानता कथेलाही पूर्ण मानवलेली नाही.

आणि पैशाचा मुद्दा, जो कथेच्या भक्तांना क्षुद्र वाटतो. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात, हा गेम बाजारात आणणाऱ्या सोनीने दिलेल्या कागदांवरची आकडे झाकणारी काळी शाई नीट न पसरल्याने या गेमचा खर्च बाहेर आला: सुमारे 22 कोटी डॉलर, आणि ऐन भरात दोनशेच्या आसपास पूर्णवेळ माणसे. मार्च 2020 मध्येच, हा गेम बनवणाऱ्या स्टुडिओत लोक महिनोन्‌महिने रात्री आणि सुट्ट्या कामात घालवत आहेत, अशी सविस्तर बातमी आली होती. एवढा पैसा ओतल्यावर गेम पंचवीस तासांचा असावाच लागतो, त्यात गोळीबार भरपूर आणि तो खेळायला चविष्ट असावाच लागतो. मग हिंसा वाईट हे सांगणारी कथा आणि हिंसा इतकी सुबक की तीच दृश्ये जाहिरातीत वापरावीत अशी रचना, ही दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. खेळणाऱ्याला अपराधी ठरवण्याची घाई मला इथून आलेली वाटते. ज्या दुकानात शोकेसमध्ये चाकू मांडले आहेत, तिथल्या मालकाने गिऱ्हाइकाला चाकू हाताळल्याबद्दल लाजवावे, असा हा प्रकार आहे. त्याच पैशातून साठांहून अधिक सुलभता-पर्याय तयार झाले आणि दृष्टिहीन माणसांनाही हा गेम शेवटपर्यंत खेळता आला, हेही खरे, आणि ते मी कौतुकानेच नोंदवतो.

सगळ्या लढाया संपल्यावर एली रिकाम्या शेतघरात परत येते. तिची जोडीदार डीना आणि डीनाचे बाळ निघून गेलेले असतात. शेवटच्या मारामारीत ॲबीने चावून एलीच्या डाव्या हाताची दोन बोटे तोडलेली असतात. खोलीत जोएलने दिलेली गिटार आहे. गिटार आपण याआधी अनेकदा वाजवलेली असते, कंट्रोलरच्या मधल्या पट्टीवर अंगठा फिरवून, आणि ते सूर आपल्या हाताला पाठ झालेले असतात. आता तोच अंगठा त्याच पट्टीवर फिरतो आणि सूर अर्धे लागतात, तारा नुसत्या खरखरतात. मी दोनदा पुन्हा वाजवून पाहिले. भाऊ तोवर झोपला होता.